गळ्यातले शब्द : कॅथलिक विद्यापीठांची लॅटिन ब्रीदवाक्ये आणि आपण

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात, नवीन पनवेल येथे दिलेल्या भाषणाची संहिता)





आजच्या भाषणाचा विषय सूचना फलकावर वाचून काहींना नवल वाटले असेल. बौद्ध संस्थेच्या व्यासपीठावर कॅथलिक विद्यापीठांच्या लॅटिन ब्रीदवाक्यांचे काय काम, असे दोघातिघांनी आम्हाला विचारलेही. आम्ही ना धर्मपंडित, ना भाषापंडित. आम्ही बँकेत कारकून आहोत. कला शाखेची पदवी घेताना पालि हा एक विषय होता, एवढीच आमची विद्वत्ता. लॅटिन तर आम्ही शब्दकोश समोर ठेवून, एकेक शब्द लावत वाचले. तरीही हा विषय घेतला, त्याला एक कारण घडले.

आपल्या वसाहतीतील एका मुलीला मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रवेश मिळाला. आपल्याच अभ्यासिकेत बसून तिने बारावीचा अभ्यास केला होता. पहिल्या दिवशी पहाटेची पनवेल-सीएसएमटी लोकल पकडून ती गेली आणि संध्याकाळी गळ्यात ओळखपत्र घालून परतली. तिच्या आजीने ते ओळखपत्र हातात धरून कौतुकाने न्याहाळले. आजीला अक्षरओळख नाही. तिने विचारले, "बाय, ह्या चित्राखाली काय लिवलंय गो ?" मुलीने वाचून दाखवले, "प्रोव्होकान्स आद व्होलान्दुम." आजीने विचारले, "म्हंजे काय ?" मुलगी म्हणाली, "माहीत नाही आजी, लॅटिन आहे." त्यावर आजी म्हणाली, "ठाव नाय, नि गळ्यात घालून फिरतेस ?"

ही गोष्ट पुढल्या रविवारी वंदनेनंतर निघाली आणि मतभेद झाला. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, आपण १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या बावीस प्रतिज्ञा मानणारी माणसे. आपल्या लेकीच्या गळ्यात दुसऱ्या धर्माचे वचन का असावे? दुसरे एक बंधू म्हणाले, लॅटिन कोणाला कळते ? शिक्षण उत्तम मिळते ना, मग झाले. अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, तुम्ही अभ्यास करून सांगा. तो अभ्यास आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिले उत्तर अर्थ न कळता नाकारते, दुसरे अर्थ न कळता स्वीकारते. प्रश्न बरोबर विचारला तो त्या निरक्षर आजीने : म्हणजे काय ?

ब्रीद म्हणजे काय ?

मराठीत आपण 'ब्रीदाला जागणे' असे म्हणतो. ब्रीद म्हणजे जाहीरपणे घेतलेली प्रतिज्ञा; ती पाळली नाही तर लोकांनी जाब विचारावा अशी. युरोपात विद्यापीठे स्थापन झाली तेव्हा त्यांना राजाची किंवा पोपची सनद मिळत असे आणि स्वतःची मुद्रा असे. मुद्रेवर चित्र, चित्राभोवती शब्द. भाषा लॅटिन, कारण चर्चची उपासना त्या भाषेत चाले आणि विद्वानांचा व्यवहारही त्याच भाषेत चाले. आमच्यासारख्या बँकेच्या माणसाला शिक्क्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. शिक्का पाहिला की कागद कोणाच्या नावाने आणि कोणाच्या जबाबदारीवर निघाला ते कळते. विद्यापीठाच्या मुद्रेवरचे ब्रीदही तेच सांगते : हे ज्ञान आम्ही कोणाच्या नावाने देत आहोत.

आपल्याकडेही ही रीत आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे ब्रीद 'शीलवृत्तफला विद्या' असे संस्कृतात आहे. विद्येचे फळ म्हणजे शील आणि सदाचार, असा त्याचा भावार्थ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ब्रीद सांगते की, जो कृती करतो तोच पंडित. रयत शिक्षण संस्थेने मात्र सरळ मराठीत सांगितले : स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहातील खेड्यापाड्यांतल्या मुलाला त्यासाठी शब्दकोश उघडावा लागला नाही.

गरुडाचे घरटे

आता त्या मुलीच्या ओळखपत्राकडे येऊ. सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ मध्ये जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केले. 'प्रोव्होकान्स' म्हणजे उद्युक्त करणारा, चेतवणारा. 'आद व्होलान्दुम' म्हणजे उडण्यासाठी. उडायला प्रवृत्त करणारा, एवढाच शब्दशः अर्थ.

हे शब्द बायबलच्या जुन्या करारातील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायातून घेतले आहेत. वृद्ध मोशे आपल्या लोकांसमोर अखेरचे गीत गात आहे. हे लोक कोण ? मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटून, रानावनांतून वणवण करीत नव्या भूमीच्या सीमेवर येऊन उभे राहिलेले लोक. मोशे त्यांना सांगतो की, देवाने तुम्हाला सांभाळले ते गरुड पिलांना सांभाळतो तसे. गरुड घरटे हलवतो, पिलांवर घिरट्या घालतो, पंख पसरतो आणि पिलांना पंखांवर उचलून नेतो.

म्हणजे येथे गरुड हा देव आहे, पिले म्हणजे त्याची प्रजा. हा त्याचा धार्मिक अर्थ, आणि तो झाकून ठेवण्याचे काही कारण नाही. जेझुइट संघाचे स्वतःचे ब्रीदही 'आद मायोरेम देई ग्लोरियाम', म्हणजे देवाच्या अधिकाधिक गौरवासाठी, असे आहे. त्या संघाच्या दृष्टीने शाळा काढणे, गणित शिकवणे, प्रयोगशाळा चालवणे हे सर्व देवाच्या सेवेचेच काम आहे.

पण त्याबरोबर दुसरीही गोष्ट लक्षात घ्या. हे रूपक दास्यातून सुटलेल्या लोकांसाठी वापरलेले आहे. गरुड घरटे मोडत नाही, हलवतो. कारण घरट्यातली ऊब पिलाला उडू देत नाही. ज्यांच्या आजोबांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांच्या नातीला हा अर्थ परका वाटण्याचे कारण नाही. देव मानणे किंवा न मानणे हा वेगळा प्रश्न. पण उडायला शिकवणे हेच शिक्षणाचे काम, ही गोष्ट आपल्यालाही मान्यच आहे.

प्रकाश कोठून येतो ?

इतर कॅथलिक विद्यापीठांची ब्रीदे पाहिली तर एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो : 'लुक्स', म्हणजे प्रकाश. अमेरिकेतील वॉशिंग्टनचे कॅथलिक विद्यापीठ १८८७ साली स्थापन झाले. त्याचे ब्रीद 'देउस लुक्स मेआ एस्त', देव माझा प्रकाश आहे. फिलिपीन्समधील आतेनेओ द मनिला या जेझुइट विद्यापीठाचे ब्रीद 'लुक्स इन दोमिनो', प्रभूमध्ये प्रकाश. चेन्नईचे लोयोला महाविद्यालय १९२५ चे; त्याचे ब्रीद 'लुचेआत लुक्स व्हेस्त्रा', तुमचा प्रकाश उजळू द्या. हे शेवटचे शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानातील, येशूने डोंगरावर केलेल्या प्रवचनातले.

या तिन्ही ब्रीदांतला बारीक फरक विद्यार्थ्यांनी ओळखावा. पहिल्यात प्रकाश म्हणजे स्वतः देव. दुसऱ्यात माणूस प्रभूच्या ठायी राहून प्रकाशरूप होतो. तिसऱ्यात प्रकाश तुमचा म्हटला आहे आणि तो लोकांसमोर आणण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे. मूळ उपदेशात त्याचा हेतू असा की, लोकांनी तुमची सत्कर्मे पाहावीत आणि स्वर्गातील पित्याचा गौरव करावा. म्हणजे वाट माणसातून जाते, पण शेवटी देवाकडेच पोचते.

बंगळुरूचे सेंट जोसेफ्स महाविद्यालय १८८२ चे. २०२२ पासून ते विद्यापीठ झाले. त्याचे ब्रीद 'फिदे एत लाबोरे', श्रद्धेने आणि श्रमाने. येथे आपल्याला ओळखीचे काही सापडते. धम्मातही पाच बले सांगितली आहेत : सद्धा, विरिय, सति, समाधि आणि पञ्ञा. पहिली दोन म्हणजे श्रद्धा आणि प्रयत्नच. फरक असा की, आपली सद्धा निर्मात्या ईश्वरावर नाही आणि ती एकटी पुरतही नाही. तिच्या जोडीला प्रज्ञा सांगितलेली आहे.

अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या मुद्रेवर 'व्हीता, दुल्चेदो, स्पेस' असे तीन शब्द आहेत : जीवन, माधुर्य, आशा. पाहणाऱ्याला वाटेल की यात धर्म कोठे आहे ? पण हे तिन्ही शब्द येशूची माता मरिया हिच्या लॅटिन स्तोत्रातले आहेत. कॅथलिक विद्यार्थ्याला ते वाचताच सारी प्रार्थना आठवते. आपल्याला ती फक्त तीन छान नामे वाटतात. अर्थ केवळ शब्दकोशात नसतो, तो शब्द कोठून आले त्यातही असतो. म्हणूनच भाषांतरावर थांबू नये, मुळापर्यंत जावे.

पुण्यातले एक ब्रीद

आता आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. पुण्याला नगर रस्त्यावर रामवाडीच्या बाजूला पेपल सेमिनरी ही कॅथलिक धर्मगुरू घडवणारी संस्था आहे. पोप तेरावे लिओ यांनी ती १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केली आणि १९५५ मध्ये ती पुण्यास आली. तिच्या शेजारीच ज्ञानदीप विद्यापीठ आहे, तेथे तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकवतात. पोप लिओ यांनी त्या स्थापनेनिमित्त जे पदक काढले त्यावर शब्द होते : 'फिलिई तुई इंडिया आदमिनिस्त्री तिबी सालुतिस'. हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील, असा त्याचा अर्थ.

त्या काळात भारतातील चर्चचा कारभार बहुतांशी युरोपीय धर्मगुरूंच्या हाती होता. अशा वेळी रोमच्या प्रमुखानेच म्हणावे की, हे काम या देशाची मुले करतील, ही साधी गोष्ट नव्हे. हे काम पुढे किती पार पडले हा त्या धर्मातील लोकांचा विषय. आपल्याला त्यातून घेण्यासारखे आहे ते इतकेच की, ब्रीद हे झालेल्या गोष्टीची नोंद नसते. ती व्हायची असलेल्या गोष्टीची हमी असते. मात्र 'तारण' हा शब्द त्या धर्माचा आहे. पापातून देवाच्या कृपेने होणारी सुटका, असा तेथे त्याचा अर्थ. तथागतांनी स्वतःला मोक्षदाता म्हटले नाही, मार्गदाता म्हटले, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ठासून मांडले आहे. एवढा फरक कळला की त्या पदकावरचे शब्द आपण आदराने वाचू शकतो आणि आपल्या जागी ठामही राहू शकतो.

ब्रीद आणि वर्तन

आता एक कडू गोष्ट. अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठ १७८९ साली जेझुइट परंपरेत सुरू झाले. त्याच्या मुद्रेवर गरुड आहे; त्याच्या एका पंजात पृथ्वीचा गोल आणि दुसऱ्यात क्रूस. ब्रीद 'उत्राक्वे उनुम', दोन्ही मिळून एक. हे शब्द पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील आहेत. यहुदी आणि परजातीय यांच्यामधली आडभिंत पाडून ख्रिस्ताने दोघांना एक केले, असा तेथे संदर्भ आहे. महाविद्यालयाने त्यातून श्रद्धा आणि ज्ञान एकत्र नांदतात असाही अर्थ घेतला.

मित्रहो, ज्या महाविद्यालयाचे ब्रीद माणसामाणसांतली भिंत पडल्याचे सांगते, त्याचे कर्ज फेडण्यासाठी मेरीलँडच्या जेझुइटांनी १८३८ साली आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष-मुले विकली. ही गोष्ट विरोधकांनी रचलेली नाही; त्या संघाच्याच कागदपत्रांत तिची नोंद आहे. २०१७ साली विद्यापीठाने व जेझुइट संघाने वंशजांसमोर जाहीर माफी मागितली. एका इमारतीला, त्या विक्रीच्या कागदावर ज्याचे नाव पहिले होते त्या आयझॅक हॉकिन्सचे नाव दिले.

हे आम्ही कोणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. सर्वांभूती एकच तत्त्व आहे असे सांगणाऱ्या आपल्या देशात पाण्याला शिवू दिले जात नव्हते. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी याच आपल्या रायगड जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्यावर जावे लागले. थोर वचन भिंतीवर कोरले म्हणून माणूस थोर होत नाही. पण वचन कोरलेले असले तर एक उपयोग नक्की होतो : उद्या कोणीतरी बोट दाखवून विचारू शकतो, हे तुम्हीच लिहिले आहे ना ? जॉर्जटाऊनला तो प्रश्न विचारला गेला. अर्थ माहीत असणाऱ्यालाच असा प्रश्न विचारता येतो.

बाबासाहेबांच्या दोन विद्यापीठांची ब्रीदे

ज्येष्ठ सभासदांच्या शंकेचे उत्तर आम्हाला येथे सापडले. परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. कोलंबिया कॅथलिक नाही. १७५४ साली ते इंग्लंडच्या राजाच्या सनदेने, अँग्लिकन प्रभावाखाली किंग्ज कॉलेज म्हणून सुरू झाले. पण त्याचे ब्रीद याच वळणाचे, लॅटिन आणि बायबलमधले आहे : 'इन लुमिने तुओ व्हिदेबिमुस लुमेन'. देवाला उद्देशून म्हटले आहे की, तुझ्या प्रकाशात आम्ही प्रकाश पाहू. हे स्तोत्रसंहितेच्या छत्तिसाव्या स्तोत्रातले शब्द. त्याच विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. त्या मुद्रेखाली शिकल्याने त्यांचे मन कोणाच्या अंकित झाले का ? उलट तेथे मिळालेले ज्ञान घेऊन ते परत आले आणि पुढे स्वतःच्या अभ्यासाने धम्माकडे वळले.

त्यांचे दुसरे विद्यापीठ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. त्याचे ब्रीद 'रेरुम कोग्नोस्केरे काउसास', गोष्टींची कारणे जाणून घेणे. हे शब्द बायबलचे नव्हेत. येशूच्या जन्मापूर्वी होऊन गेलेल्या व्हर्जिल या रोमन कवीच्या शेतीविषयक काव्यातले ते आहेत. कारणे जाणणाऱ्याला भय राहत नाही आणि तोच खरा सुखी, असा तेथला आशय. हे ब्रीद १९२२ साली स्वीकारले गेले. ते सुचवणारे होते प्राध्यापक एडविन कॅनन. हे कॅनन कोण ? बाबासाहेबांचे तेथले मार्गदर्शक. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती याच कॅनन यांनी. म्हणजे ते ब्रीद मुद्रेवर आले तेव्हा आपले बाबासाहेब त्याच संस्थेत, रुपयाची किंमत का घसरते याची कारणे शोधत बसलेले होते.

आणि कारणे जाणणे हे तर तथागतांच्या धम्माचे मर्म. सारिपुत्त धम्मात आले ते कशाने ? अस्सजी भिक्खूंनी त्यांना थोडक्यात सांगितले की, जे जे कारणापासून उत्पन्न होते त्याचे कारण आणि त्याचा निरोध आमचे शास्ते सांगतात. एवढ्यावर त्यांना मार्ग दिसला. नालंदेच्या उत्खननात ही गाथा कोरलेल्या मातीच्या मुद्रा सापडल्या आहेत. नालंदा महाविहाराची स्वतःची मुद्राही सापडली आहे. तिच्यावर मध्ये धम्मचक्र, दोन बाजूंना दोन हरणे आणि खाली नालंदा महाविहारातील भिक्खुसंघाचे नाव. राजाचे नाव नाही, देवाचे नाव नाही. शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या संघाचे नाव. युरोपातील विद्यापीठांच्या कितीतरी आधीचा हा शिक्का आपल्या देशातला आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आता आरसा आपल्याकडे

बंधू-भगिनींनो, येथवर आम्ही दुसऱ्यांच्या शब्दांबद्दल बोललो. आता थोडे आपल्याबद्दल.

कॅथलिक चर्चने शतकानुशतके लॅटिन जपले. सामान्य भाविक मिस्साला उभा राही, पण शब्द त्याला कळत नसत. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट मोकळी केली. त्याच्याही पुष्कळ आधी, थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. लोकांपर्यंत पोचायचे तर लोकांच्या भाषेत बोलावे लागते, हे त्याला उमगले होते. तथागतांनी तर हे पहिल्यापासून सांगितले. ब्राह्मण कुळातल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् म्हणजे वैदिक भाषेत घालण्याची अनुमती मागितली, तेव्हा तथागतांनी त्यांना नकार दिला आणि आपापल्या भाषेत ते शिकण्याची मोकळीक दिली. विनयपिटकात ही कथा आहे.

मग आपण काय करतो ? दर रविवारी त्रिसरण, पंचशील म्हणतो. आम्ही गेल्या महिन्यात अभ्यासिकेतल्या वीस-बावीस मुलांना विचारले, 'सिक्खापदं समादियामि' म्हणजे काय ? दोघांना सांगता आले. मोठ्यांना विचारले तेव्हा तर आम्हालाच संकोच वाटला. मित्रहो, त्याचा अर्थ आहे, हा शिक्षणाचा नियम मी स्वतःहून स्वीकारतो. 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याची पायरी, आणि 'समादियामि' म्हणजे मी अंगीकारतो. कोणी वरून दिलेली ही आज्ञा नाही. बायबलातील दहा आज्ञा देवाने दिलेल्या आहेत. आपली पाच शीले आपण स्वतः घेतलेली आहेत. दोन धर्मांतला सर्वांत मोठा फरक एका क्रियापदात आहे, आणि ते क्रियापद आपण घोकतो पण जाणत नाही.

'अत्त दीप भव' हे आपले सर्वांत लाडके ब्रीद. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी जो उपदेश केला त्याचे हे लोकांच्या तोंडी बसलेले सुटसुटीत रूप. पालीत 'दीप' या शब्दाचे दोन अर्थ होतात : दिवा आणि बेट. म्हणजे स्वतःच स्वतःचा दिवा व्हा, असाही अर्थ होतो. आणि पुराच्या पाण्यात स्वतःच स्वतःचे बेट व्हा, असाही होतो. दोन्ही अर्थ घेतले तरी सांगणे एकच : दुसऱ्याच्या आधारावर राहू नका, स्वतःचा आणि धम्माचा आधार घ्या. आता हे ब्रीद 'देउस लुक्स मेआ एस्त' याच्या शेजारी ठेवून पाहा. तेथे प्रकाश देवाकडून येतो, येथे तो स्वतः पेटवायचा आहे. इतका स्पष्ट फरक आहे की एकमेकांचा द्वेष करण्याची गरजच उरत नाही. ज्याला फरक कळत नाही, त्यालाच भीती वाटते.

बँकेत आमच्या खिडकीवर रोज माणसे येतात. फॉर्म पुढे सरकवला की विचारतात, "साहेब, सही कुठं करू ?" आम्ही म्हणतो, "आधी वाचा." ती म्हणतात, "तुम्ही सांगाल तिथं करतो." आमच्या वडिलांच्या पिढीला वाचता येत नव्हते म्हणून अंगठा उठवावा लागला. त्या एका अंगठ्यापायी किती जणांच्या जमिनी गेल्या ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आज आपल्याला वाचता येते, तरी न वाचता सही केली तर तोही अंगठाच झाला. न समजलेले लॅटिन गळ्यात बाळगणे हा अंगठा, आणि न समजलेली पालि ओठांवर बाळगणे हाही अंगठाच.

म्हणून आमच्या ज्येष्ठ सभासदांना आम्ही नम्रपणे सांगतो की, ओळखपत्रावरचे शब्द बाळगणे म्हणजे शरण जाणे नव्हे. आपण शरण जातो ते जाणीवपूर्वक, स्वतःच्या वाचेने, आणि एकदा नव्हे तीनदा म्हणून. ते कोणाच्या शिक्क्याने आपोआप होत नाही. आणि 'शिक्षण मिळते ना' म्हणणाऱ्या बंधूंना सांगतो की, ज्या संस्थेत शिकायचे तिचे ब्रीद जाणून घेणे हा शिक्षणाचाच पहिला धडा आहे.

शेवटी दोन सूचना करतो. आपल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर जी जी वचने लिहिली आहेत, त्या प्रत्येकाखाली सोप्या मराठीत अर्थ लिहावा. रंगाचा खर्च आम्ही देऊ. आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या शाळेचे किंवा महाविद्यालयाचे ब्रीद, मग ते संस्कृत असो, लॅटिन असो की इंग्रजी, त्याच्या अर्थासह आणि उगमासह अभ्यासिकेच्या वहीत नोंदवावे. अर्थ सापडला नाही तर आपल्या गुरुजनांना विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले. तो राजा नागसेनांना प्रश्न विचारण्यासाठीच ओळखला जातो.

त्या मुलीने वहीत पहिली नोंद केली आहे. अर्थ कळल्यावर तिने तो आजीला सांगितला, "आजी, गरुड पिलाला उडायला लावतो, असं लिहिलंय." आजी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता कळलं. आता घाल गळ्यात."



भवतु सब्ब मंगलं !

जयभीम ! जय भारत !